सुंदराचा ट्रक आणि संध्याने वाढवलेला वेग

पळसदरी

ती. येसाजीदादा यांस मालोजीचा नमस्कार.

सुंदराचं वर्ष अजून व्हायचं आहे, म्हणून माथ्यावर 'श्री' घातलेला नाही. विसरलो असं समजू नये. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनाही नमस्कार सांगावा. फोन न करता लिहितो आहे, कारण मी फोन हातात घेतला की आमची सून संध्या नेमकी तेव्हाच ओटा पुसायला येते. (ओटा आधीच स्वच्छ असतो.)

विषय कॉम्प्युटरचा आहे. तुमच्या बहिणीला त्यावर ट्रक चालवायचा गेम खेळायची आवड होती. (तुम्ही हसला होतात. ते तिच्या लक्षात होतं.) दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने ट्रकमध्ये सिमेंट भरलं आणि अर्ध्या वाटेत उभा करून ठेवला. तो आपण पोचवायचा, असं मी मनाशी धरलं आहे. पण शहर लागलं की चित्र अडखळतं आणि ट्रक दुभाजकावर चढतो. संध्या खोपोलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. ती म्हणाली, ओव्हरक्लॉक करू या. म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचं. मला तिथेच संशय आला. कंपनीने वेग ठरवला तो काय उगाच? शिवाय त्या टेबलाच्या जागी शिलाई मशीन छान बसेल, असं ती एकदा नवऱ्याला, आपल्या नवीनला, (हळू आवाजात) म्हणाली होती. यंत्र जळलं की जागा मोकळी.

वरवर तिचं काम सावध होतं. आधी सुंदराच्या गेमची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. (तो मी लगेच माझ्या खिशात घातला.) मग वेग थोडाच वाढवायचा, प्रोसेसरला मुद्दाम कामाला जुंपून तापमान बघायचं, ठीक असेल तरच पुढे जायचं. व्होल्टेजला तिने हातही लावला नाही. तरी ती भाकऱ्या करायला उठली आणि तापमान नव्वदच्या वर जाऊन यंत्र बंद पडलं. मी म्हणालो, "जाळलंस ना?"

ती आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आबा, ह्याला स्वेटर कोणी घातला? थंडी वाजत होती का त्याला?"

सुंदराने विणलेलं लोकरीचं कव्हर होतं. तिच्या राज्यात मिक्सर, टीव्ही, काहीच उघडं राहत नसे. मी म्हणालो, पीठ उडत होतं.

"पीठ सैपाकघरात, कॉम्प्युटर ओटीवर. विमानानं आलं का पीठ?"

माझं म्हणणं असं, की तिला एवढं कळत होतं तर कव्हर तिने आधीच उचलून ठेवायचं. असो. कव्हर काढून पुन्हा चाचणी केली, तेव्हा तापमान सत्तरीत थांबलं. आता भर शहरातही ट्रक अडखळत नाही. यंत्र जळलेलं नाही, तेव्हा तिचा हेतू नक्की काय होता, हे माझ्या अजून ध्यानात आलेलं नाही. नजर ठेवून आहे.

गुडघ्याला जपावे.

आपला,
मालोजी

ता. क. संध्या तुमचा शब्द मोडत नाही. तिला फोन करून सांगावं, की असा वाढवलेला वेग धोक्याचा असतो, यंत्र होतं तसं करून टाक. मी कळवल्याचं बोलू नये.

आणखी ता. क. धोका काही नाही. पण काल शहर ओलांडलं, आणि आता गोदामाचं फाटक समोर दिसतं आहे. सिमेंट उतरवलं की सुंदराची खेप संपेल. मी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आहे.