साहेबांचा घोडा

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. समाधान यास,

प्रभूच्या नावाने सलाम आणि आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा जिना उतरताना दुखतो आणि चढताना दुखत नाही. यात काहीतरी गोम असणार असं मी डॉक्टरला म्हणालो, तर तो हसला. विजयश्री कशी आहे? तिने दिलेलं लोणचं संपलं, एवढं तिच्या कानावर घाल.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "दादा, भेटून बोलू" म्हणतोस आणि भेटत नाहीस. शिवाय चौतीस वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला काढलेला माणूस मी. जे लेखी नाही ते झालंच नाही, असं धरून चालायची सवय जात नाही.

चर्चच्या २७ जुलैच्या सभेत तू जे केलंस, ते का केलंस?

मंडळीचं नवं सभागृह होतंय, दाराशी संगमरवरी पाटी बसणार, त्यावर आपल्या घराण्याची चार नावं. गावात पहिला बाप्तिस्मा घेणारे पणजोबा, पाळक झालेले आजोबा, शब्बाथशाळा चालवणारे बाबा आणि चौथा तू. माझं नाव नाही. वीस वर्षं चिटणीस असून नाही, पण त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. पवित्र शास्त्राच्या परीक्षेत तीन वर्षं जिल्ह्यात पहिला तू आलास, तुझा उपदेश ऐकायला देहूरोडहून माणसं येतात, हे मला मान्य आहे. पंचांनी एकमताने तुला मानद पाळक करायचं ठरवलं. हार मी स्वतः आणला होता. आणि तू उभा राहून काय म्हणालास? "पाटीवरून माझं नाव काढा. तीस वर्षं मी येशूबद्दल बोललो, येशूशी फारसं बोललोच नाही. आता मला त्याची ओळख हवी आहे. त्यापुढे हे बाकीचं सगळं मी टाकून द्यायला तयार आहे."

टाकून द्यायला! पणजोबांना "बाटगा" म्हणून गावाने विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. पणजी दोन मैलांवरून ओढ्याचं पाणी आणायची. ते टाकून द्यायचं?

मला यात सरळ काही दिसत नाही. कोणी नव्या पंथाचे लोक गाठ पडलेत का? की दुसऱ्या मंडळीने मोठी जागा कबूल केली आहे? तब्येतीचं काही लपवत असशील तर तेही सांग. तू कुरुळीत कामगारांच्या कुठल्याशा खोलीवर जाऊन बसतोस म्हणे. उपदेशही करत नाहीस, नुसता बसतोस. उपदेश करणाऱ्यावर मी एकवेळ विश्वास ठेवीन, पण इतका बोलका माणूस गप्प बसला की माझं डोकं चालायला लागतं.

मी येऊन बघणार आहे. कधी, ते कळवणार नाही. आधी कळवून केलेल्या तपासणीत सगळा माल चांगलाच निघतो.

तुझा,
दादा


संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चि. समाधान यास,

सलाम आणि आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं. "दादा, लपवण्यासारखं काही नाही, ये आणि बस," एवढंच. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं तो असं लिहीत नाही, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

गेल्या रविवारी, ३१ ऑगस्टला, मी आलो ते तू पाहिलंसच. तासभर आधीच मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो, हे मात्र तुला माहीत नाही. कोण येतं, कोण जातं, सगळं पाहिलं. खाली इकबालचं दुचाकीचं गॅरेज, वर गणराजशेठने भाड्याने दिलेली खोली. पहिल्या शिफ्टची पोरं सेफ्टी शूज घालून आली, जिन्यात काढून वर गेली. इकबालने त्यांना आपली सतरंजी नेऊ दिली. का दिली? त्याचा तुमच्याशी संबंध काय? मला ते तेव्हाच खटकलं.

आत ना व्यासपीठ, ना गीतांची पुस्तकं. ती सोजराबाई, कंपनीत झाडलोट करणारी, बीडकडची. तिला अक्षर वाचता येत नाही, तिच्या घरात चार वर्षांपूर्वीपर्यंत कोणी ख्रिस्ताचं नाव ऐकलेलं नाही, आणि प्रार्थना सांगते ती! तीही कशी, तर शेजारणीशी बोलावं तशी. मुलीचं लग्न, मुकादमाचा जाच, दुखणारी दाढ, सगळं त्याच दमात. आणि जिल्ह्यात पहिला आलेला माझा भाऊ दाराशी, बुटांच्या ढिगाशेजारी बसून डोळे मिटून ऐकतोय. तुझा चेहरा मी पाहिला. बाबा वारले त्यानंतर तुला इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते पाहवेना.

मग मला प्रार्थना करायला सांगितलं. मी केली. त्यानंतर पिंपरीला काम असल्यामुळे मी निघालो. याबद्दल कोणी काही वेगळं सांगत असेल तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

एक सांगायचं होतं, त्यासाठीच खरं तर हे पत्र. तुमच्या खोलीवर लोकांची नजर आहे. दिवस कसे आहेत ते तू जाणतोस. उद्या कोणी जाऊन मालकाचे कान भरले तर पंचाईत होईल. त्या खालच्या गॅरेजवाल्यापासून जपून राहा. तुमच्यात कोण येतं, किती येतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? मी काही नाव घेत नाही, पण माझी नजर सहसा चुकत नाही.

विजयश्रीने लोणचं पाठवलं, पोचलं. मीठ थोडं कमी आहे.

तुझा,
दादा


संत तुकाराम नगर, पिंपरी
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

समाधान,

सलाम. काल दसरा झाला. आमच्या सोसायटीत गाड्यांना हार घालून झाले, पोरांनी खाली गोंधळ घातला. बाकी ठीक.

बाकी ठीक नाही. हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. तिन्ही वेळा गुडघ्यापासून सुरुवात केली होती. आता एकदम लिहून टाकतो.

गणराजशेठला मी सांगितलं.

३ सप्टेंबरला, बुधवारी, मी कुरुळीला गेलो, त्याच्या घरी बसलो, त्याच्या बायकोने केलेला चहा घेतला आणि म्हणालो, "तुमच्या खोलीत लोकांना बाटवतात." हाच शब्द वापरला, समाधान. ज्या शब्दाने पणजोबांना विहीर बंद झाली तो मी त्यांचा पणतू, मंडळीचा चिटणीस, स्वतःच्या तोंडाने बोलून आलो. मी कोण ते सांगितलं नाही. तो घाबरला आणि १४ तारखेला तुम्हाला खोली सोडायला लागली. तुला इकबालपासून जपून राहायचं पत्र लिहिलं ते यानंतर चार दिवसांनी. म्हणजे काय केलं ते तुझ्या लक्षात आलं असेल.

त्या रविवारी तुमच्या खोलीतून निघालो तेव्हा पिंपरीला मला काहीही काम नव्हतं. सोजराबाई म्हणाली, "दादा, तुमी बोला आता," आणि मी उभा राहून आजोबांची प्रार्थना म्हटली. दुसरी मला येतेच कुठे? आपल्या घरात बारशाला, लग्नाला, मातीला तीच. मंडळीत सणाला मी म्हणतो तेव्हा लोक डोळे पुसतात. आवाज लावून म्हटली मी. "हे कृपाळू पित्या, ओढ्याला उतार दे, रानातल्या वाटा निर्धोक कर, आणि साहेबांच्या घोड्याला सुखरूप परत आण."

साठ वर्षं मी तो घोडा सुखरूप परत आणतोय. एकदाही माझ्या कानाला ते लागलं नाही. त्या खोलीत लागलं, कारण कोणी आमेन म्हटलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. सोजराबाईने अगदी काळजीने विचारलं, "कोणाचा घोडा हारवलाय, दादा?"

पोरं हसली. त्यातला तो अजिंक्य तर तोंडावर रुमाल धरून हसला. मी म्हणालो, ही आमच्या आजोबांची प्रार्थना आहे, ते मिशनरी साहेबांबरोबर गावोगाव जायचे. ती म्हणाली, "आस्सं व्हय. लई चांगले आसतील आजोबा. त्यांचं झालं, आता तुमचं काय हाय ते बोला की." तिला माझा पाणउतारा करायचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. खरंच तिला माझं ऐकायचं होतं. मी डोळे मिटले आणि आत काही सापडेना. एक वाक्य सापडेना, समाधान. तुझी वहिनी सुमन गेली त्या दिवशीसुद्धा मी आजोबांचीच म्हटली होती. मी चपला हातात घेऊनच जिना उतरलो.

म्हणून सांगितलं गणराजला. पंथाचा संशय वगैरे सगळं सोंग होतं. मला ती खोलीच नको होती.

आणखी एक. पाटीवर माझं नाव नाही याचं मला काही वाटत नाही, असं तुला भासवलं. वाटतं, फार वाटतं. मला काहीच मिळवता आलं नाही, म्हणून मी तुझ्या मिळकतीवर मोठेपणा मिरवत होतो. पणजोबांचा पणतू, आजोबांचा नातू, समाधानचा भाऊ. तू उठून म्हणालास की हे सगळं येशूच्या ओळखीपुढे तुला नको, तेव्हा तुझं काही गेलं नाही. माझ्याकडे मात्र काही उरेना. ज्याच्यासाठी तू सोडलंस त्याला मी ओळखतच नव्हतो. नाव, गाव, वंशावळ सगळं पाठ होतं.

परवा तुझा फोन आला. माझं पत्र अजिंक्यच्या हाती पडलं, त्याने पोरांना सांगितलं, आणि आता कोणी इकबालकडे गाडी देत नाही, गणराजही त्याला महिनाअखेर जागा सोड म्हणतोय, असं तू सांगत होतास. वर म्हणालास, "दादा, मला नाही वाटत इकबालभाईंनी केलं असेल. तुला खात्री आहे का?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

परवाच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी मी कुरुळीला गेलो. दुसऱ्या गॅरेजांपुढे गाड्या धुवायला रांगा लागलेल्या. इकबालच्या दारात एक गाडी नाही. तो एकटाच पाने पुसत बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तो पुसतच राहिला. मग म्हणाला, "चाचा, तुम्ही मला एकदाच पाहिलं. सतरंजी देताना. तेवढ्यात काय वाईट दिसलं तुम्हाला?" मी माफी मागितली. तो म्हणाला, "मला सांगून काय होणार? त्या पोरांना सांगा. माझं नाव त्यांच्या तोंडात आहे." माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही वाट पाहिली नाही.

तिथून गणराजकडे. "अवो काका, तुमीच म्हनला व्हता ना बाटवत्यात म्हनून? आन् आता तुमीच म्हनताय तसं काय न्हाई? मानसानं इस्वास ठिवायचा कुनावर?" बरोबरच बोलला. मी कोण ते सांगितलं, का केलं तेही सांगितलं, घोड्यासकट. तो इकबालला राहू देणार आहे. खोली मात्र तुम्हाला परत देणार नाही. "एकदा बोभाटा झाला की माज्याच माथी यील," म्हणाला. ते मला फिरवता आलं नाही. तुमचं जे घालवलं ते घालवलंच.

पंचांना आज चिटणीसपदाचा राजीनामा दिला, कारण लिहून. तुझं नाव पाटीवरून काढायला सांगितलं. एकाने, अजून त्याने कारण वाचलं नव्हतं, विचारलं की मग त्या जागी तुमचं घालू का. नको म्हणालो. खरं सांगतो, नको म्हणतानाही जीव वर-खाली झाला.

आता एवढंच राहिलं. गणराजकडून निघून मी रस्त्याच्या कडेला बसथांब्यावर बसलो. कंटेनर जात होते, धूळ उडत होती. सवयीने ओठांवर "हे कृपाळू पित्या" आलं, ते मी थांबवलं. मग म्हणालो, "येशू, मी यशवंत. ते मी केलं." दोन बस गेल्या. पण मी एकटा बसलोय असं वाटत नव्हतं. मी लगेच त्यावरही संशय घेतला, की थकलोय, दुपारचं ऊन आहे, मनाचे खेळ असतील. असतीलही. तरी मी आणखी एक बस जाऊ दिली, कारण उठावंसं वाटेना.

१२ तारखेच्या रविवारी तुम्ही हल्ली जिथे बसता तिथे मी येणार आहे. सगळ्यांसमोर इकबालचं नाव मोकळं करणार आहे. तू मध्ये पडू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. तू मला आत घेशील की नाही, हे मी तुला विचारत नाही, कारण तू नको म्हणालास तर मी येणार नाही अशी मला भीती वाटते. दारातूनच परत पाठवलंस तर दारातच उभा राहून सांगेन आणि जाईन.

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही, मागतो.

मोठा असून तुझ्यापेक्षा मागे राहिलेला,
यशवंत