निळी म्हणून पाठवलेली रोपं

१० मार्च

चि. कप्तानास,
अनेक आशीर्वाद.

आमच्या रोपवाटिकेची गाडी गुरुवारी तुमच्या बाजूला येते आहे. तिच्यात हायड्रेंजियाची चार रोपं आहेत, माझ्या हातची. ही बुटकी जात आहे, गुडघ्याच्या वर जात नाही, तेव्हा तुझ्या ओंजळभर बागेतही ऐसपैस राहील. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत सकाळी दोन-तीन तास ऊन असतं आणि मग शेजाऱ्यांच्या झाडाची सावली पडते, तिथेच लाव. भर दुपारी पानं माना टाकतील. लगेच बादली घेऊन धावू नकोस, संध्याकाळी ती आपोआप उभी राहतात. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी घाल. आणि कात्री लांब ठेव. कळ्या मागच्या वर्षीच्या काड्यांवर धरतात. तू टापटीप करायला गेलास की फुलं गेलीच म्हणून समज. वर्षभर तुरटीचं पाणी घालून मी ती निळी केली आहेत.

खोकला कसा आहे? छातीच्या गोळ्या वेळेवर घेतोस की फेरीबोटीवर विसरतोस? खाडी काही पळून जात नाही, आधी स्वतःकडे बघ.

माया आहे तशीच राहू दे.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चारही रोपं सांगितल्या जागी लावली. पाणी साचू नये म्हणून खड्ड्यांत भिंतीच्या पडलेल्या गिलाव्याची ढेकळं घातली आणि वर पालापाचोळा पसरला. बायको म्हणते, मी रोज सकाळी त्यांची हजेरी घेतो आणि तिच्याकडे मात्र ढुंकून बघत नाही. तिचं शिवणयंत्र मान टाकत नाही, त्याला मी काय करू?

गोळ्या नियमाने चालू आहेत, ऑगस्टअखेर संपतील. खोकला जवळजवळ गेला. परवा धक्क्याला लागताना बोट जरा घासली. धुकं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच घासली म्हणून सगळे चिडवतात.

आशीर्वाद असू दे.
तुझा कप्तान

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी अशी की फुलं आली! प्रत्येक झाडावर पाच-सहा गुच्छ, आणि तू म्हणाली होतीस तशी अगदी निळी. येणाजाणाऱ्याला मी अभिमानाने सांगतो की बहिणीने वर्षभर तुरटी पाजली आहे.

बाकी बरं आहे. बंदर कचेरीने खाडीतल्या दिव्यांचे बल्ब बदलले की काय कोण जाणे. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच मळकट दिसतात. तक्रार करावी म्हणतो, पण राहून जातं.

लोभ वाढता ठेव.
तुझा कप्तान

१९ जून

ती. वन्संना,
शि. सा. न.

ह्यांचं पत्र मिळालं असेलच. तुमच्या फुलांनी भिंतीची कळा पालटली. किती नाजूक गुलाबी रंग! तान्ह्या बाळाचे कानच जणू. एक गुच्छ मी दुकानात शिवणयंत्राशेजारी ठेवला, तर दोन गिऱ्हाइकांनी तसल्याच गुलाबी कापडाचे झगे शिवायला टाकले. तुम्ही रोपं निळी म्हणून पाठवली होती ना? ही थट्टा होती का, असं ह्यांना विचारलं तर हे नुसते हसले आणि उठून गेले.

इकडची ओढ असू द्यावी.
तुमची भावजय

२४ जून

चि. सौ. भावजयबाईंस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. एकटी असताना वाच.

मी थट्टा केलेली नाही. तुरटीने हायड्रेंजिया निळा होतो, चुन्याने गुलाबी. खड्ड्यांत गिलावा, म्हणजे चुनाच, घातल्याचं त्याने लिहिलं तेव्हाच मी ओळखलं होतं की फुलं गुलाबी येणार, आणि त्याची फजिती करायला टपून बसले होते. पण त्याने लिहिलं की अगदी निळी आली. पाठोपाठ तुझं पत्र आलं की फुलं गुलाबी आहेत. दिवे मळकट दिसतात असंही त्यानेच लिहिलं आहे. बल्ब बदललेत का, हे बोटीवरच्या इंजिनमास्तरांना गुपचूप विचार.

आमच्या रोपवाटिकेच्या मालकिणीच्या दिरालाही अशाच छातीच्या गोळ्या होत्या. त्यांतली एखादी डोळ्यांच्या शिरेवर उतरते आणि आधी रंग जातात, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. वेळेत थांबवली तर नजर परत येते. उशीर झाला तर येत नाही. त्याची आली नाही.

तू एक कर. शिवताना सहज त्याच्याकडे लाल रीळ माग. काय देतो ते मला कळव. देव करो आणि मी वेडी ठरो.

ताई

१ जुलै

ती. वन्संना,
शि. सा. न.

बल्ब कोणीही बदललेले नाहीत.

काल मी ह्यांच्याकडे लाल रीळ मागितलं. ह्यांनी हिरवं दिलं. मी तेच ओवायला घेतलं, पण दोरा तीनदा सुईबाहेर गेला. मग ह्यांनीच हळू आवाजात विचारलं, की चुकीचं दिलं का.

वन्सं, ह्यांना एप्रिलपासून माहीत आहे. संध्याकाळच्या फेरीला इंजिनमास्तर वर येऊन शेजारी उभे राहतात आणि कोणता दिवा लाल, कोणता हिरवा ते सांगतात. बाकी वेळ पाठ झालेल्या रस्त्याने बोट नेतात. फुलं निळी असणार असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून निळी म्हणाले. गोळ्या संपल्या की सगळं आपोआप ठीक होईल, आणि डोळ्यांची सरकारी तपासणी ऑक्टोबरात आहे, असं ह्यांचं म्हणणं. डॉक्टरांना सांगितलं तर ते कचेरीला कळवतील आणि सुकाणू हातातून जाईल. ते गेलं तर मी कोण राहिलो, असं विचारून ओट्याशी बसून राहिले. मला त्यांच्या गळ्याची शपथ घातली आहे. ती मोडून लिहिते आहे. रोज संध्याकाळी बोटीचा भोंगा ऐकू येईपर्यंत मी दुकानाच्या दारात उभी असते.

मला काही सुचत नाही, तुम्हीच मार्ग काढा.
तुमची भावजय

५ जुलै, रविवार

चि. कप्तानास,
आशीर्वाद.

मला सगळं कळलं आहे. बायकोवर चिडू नकोस, मी तिला खोदून खोदून विचारलं.

खाडीच्या तोंडाशी लाल डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा, नाहीतर खडक, हे तूच मला समजावलं होतंस. तेव्हा मी दुपारच्या फेरीतसुद्धा कठडा सोडला नव्हता. आता तुझ्या मागे शंभर माणसं बसलेली असतात. त्यांना वाटतं की त्यांचा कप्तान बघतो आहे.

शिवाय प्रत्येक गोळीगणिक तुझी नजर जाते आहे. उद्याचा दिवससुद्धा दवडू नकोस, डॉक्टरांकडे जा आणि कचेरीत स्वतः सांग. स्वतः सांगण्यात मान आहे. शुक्रवारपर्यंत मी वाट पाहीन. तोवर तुझ्याकडून काही आलं नाही, तर बंदर कचेरीच्या साहेबांना मी लिहीन. धमकी समजायची तर समज.

तू लहान होतास तेव्हा ओरडून झालं की तुला जवळ घ्यायचे. आता हात पोचत नाही.
ताई

८ जुलै

ताईस,

पत्र मिळालं. बावीस वर्षं मी ही खाडी ओलांडतो आहे. डोळे बांधले तरी नेईन. तुला रोपांतलं कळतं, बोटीतलं कळत नाही. लांब बसून माझ्याच घरात माझ्या बायकोला हेर करायचं आणि वर आशीर्वाद लिहायचे!

तुझ्या चार झाडांतलं कडेचं एक मी उपटून कुंपणाबाहेर फेकलं आहे. साहेबांना लिहिलंस तर मला बहीण नाही.

१० जुलै, शुक्रवार

चि. कप्तानास,

साहेबांना पत्र टाकलं. पेटीशी बराच वेळ उभी होते. तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

ताई

१५ जुलै

ती. वन्संना,
शि. सा. न.

सोमवारी सकाळी पहिल्या फेरीच्या आधी कचेरीचे साहेब धक्क्यावर आले. माणसं बोटीत बसली होती. साहेबांनी बोटीत चढून सुकाणूपाशीच ह्यांना दोन रंगीत कापडं दाखवली. ह्यांनी त्यांकडे एकदा बघितलं. सुकाणूवरचा हात काढला आणि सगळ्यांच्या देखत फळीवरून चालत बाहेर आले. इंजिनमास्तरांनाही पंधरा दिवस घरी बसवलं आहे.

डॉक्टरांनी ती गोळी त्याच दिवशी बंद केली, दुसरी दिली. आणखी दोन-चार आठवडे गेले असते तर काही हाती राहिलं नसतं, असं म्हणाले. आता वाट बघायची. मी तुमच्या उपकाराबद्दल बोलायला गेले, तर ह्यांनी तुमचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. उपटलेलं झाड मी परत लावलं आहे. पानं झडली, पण काडी खरवडली तर आत हिरवी आहे.

राग मानू नका, आणि पत्र थांबवू नका.
तुमची भावजय

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी सहा पत्रं आली. वाचली सगळी, उत्तर एकाचंही दिलं नाही.

डोळे सुधारत आहेत. जवळचा लाल आता लाल दिसतो. लांबचे दिवे अजून जमत नाहीत. ऑक्टोबरच्या तपासणीत नापास झालो, पुढची एप्रिलमध्ये. सध्या मी धक्क्यावर दोर बांधतो आणि चढणारी माणसं मोजतो. नवा सुकाणूवाला बोट भाड्याच्या सायकलसारखी हाकतो. मला बघवत नाही, पण मी तोंड बंद ठेवायला शिकलो आहे.

तू कळवलंस म्हणून मी रागावलो होतो, हे खरं आहे. तो राग किती दिवस टिकला ते सांगत नाही, लाज वाटते. त्यानंतर दुसरंच काही तरी आत बसलं होतं, म्हणून लिहिता येत नव्हतं. हे बायकोलाही माहीत नाही.

आठ जुलै, बुधवार. तुला ते पत्र सकाळी टाकलं आणि संध्याकाळची फेरी घेतली. बोटीत एकशेबारा माणसं होती. मधेच इंजिनाचा पट्टा सुटला, म्हणून इंजिनमास्तर खाली गेले. समोर दोन दिवे आले, दोन्ही फिक्या चहाच्या रंगाचे. मी हाका मारल्या, खाली ऐकू गेल्या नाहीत. मग मी त्यांतला एक लाल समजून डाव्या हाताला धरला. खडक उजव्या अंगाने इतक्या जवळून गेला की कठड्याजवळची एक बाई आपल्या मुलाला त्याच्यावरचं शेवाळ दाखवत होती. उतरताना ती मला म्हणाली की आज तुम्ही छान जवळून नेलीत.

मी हसलो, ताई. तिला धन्यवाद म्हणालो. आणि गुरुवारी सकाळी पुन्हा बोट काढली. शुक्रवारी काढली, शनिवारी, रविवारी. सोमवारी साहेब आले नसते तर सोमवारीही काढली असती.

तेव्हा तू का कळवलंस, हे मी विचारत नाही. तू मला ओळखतेस. मग शुक्रवारपर्यंत का थांबलीस, तेवढं मला सांग.

उत्तराची वाट बघतो. मोठ्या माणसाने धरायची ती माया धरून ठेव.
तुझा भाऊ