दीड मीटरवरची फुगडी

१७ मार्च २०२०
नि.चं ऑफिस आजपासून जेवणाच्या टेबलावर. इराची शाळा सोफ्यावर. मी काम करते ते पाळणाघर बंद, म्हणजे मी ओट्यापाशी. नवरा, मुलगी, मी आणि एकच वायफाय. आधी कोण तुटतं बघायचं.
संध्याकाळी आमचा झुइडओस्ट भाग अख्खा आपापल्या गॅलरीत येऊन डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवत होता. आमच्या बरोब्बर खालच्या घरातली बाई टाळ्या नाही, कढई बडवत होती. दोन लाकडी डाव आणि असला ठेका, की टाळ्या राहिल्या बाजूला, आम्ही वरचे सगळे नाचायलाच लागलो. नि.सुद्धा! चार वर्षं हिला लिफ्टमध्ये नुसतं ‘हॉय’ म्हणत आले मी.

१९ मार्च
इराने शोधून काढलं. खालची बाई: दाल्व्हा. ब्राझीलची. गाणी रचते, गाते, पियानो वाजवते. तिच्या गाण्यांचे व्हिडिओ बघत बसलो तिघंही. एकात चर्चमधली प्रार्थना आणि तिच्याखाली कार्निव्हलचे ढोल. दुसऱ्यात इथला, हॉलंडचा, रस्त्यावरचा तो हँडल फिरवायचा मोठा ऑर्गन आणि सांबा. आणि त्यावर तिचा आवाज. एक सूर लावला की बाई सोडतच नाही. नि. म्हणाला, “श्वास कधी घेते?” मी भाजी करपवली.

९ एप्रिल
दाल्व्हा आजारी. तेच. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फोनवर पॅरासिटामॉल सांगितलं. या देशात अंगावर झाड पडलं तरी आधी पॅरासिटामॉल. मी खिचडीचा डबा तिच्या दाराशी ठेवते, बेल वाजवते आणि पळते. लहानपणी याच उद्योगासाठी मार खाल्ला होता. आज तिचा व्हॉइस मेसेज आला, ‘डांक ये, बूरफ्राऊ’. थँक्यू, शेजारीणबाई. आवाज कसला, कुजबुज नुसती.

३० मे
भेटली! जिन्यात, ती खाली, मी वर, मध्ये दीड मीटर. वाळलीये. बोलताना वाक्याच्या अध्येमध्ये श्वासासाठी थांबते. मी विचारलं, गाणं? हाताने ‘गेलं’ अशी खूण केली आणि हसली. म्हणाली, एकसष्टाव्या वर्षी पियानो पुरे. मला त्या हसण्याचा फार राग आला. माझं काय जातंय, पण आला.

२८ जुलै
श्रावणातला मंगळवार. सुधामावशीने डोंबिवलीहून झूमवर मंगळागौर मांडली. लंडन, पुणे, न्यू जर्सी, इथलंच नीउ-व्हेनेप आणि मी. आवाज पुढेमागे, गाणी एकमेकींच्या अंगावर. झिम्म्याला टाळी द्यायला समोर कोणी नाही, मी फ्रीजला दिली. फुगडीला हात धरायला कोणी नाही, तर मावशी कडाडली, “बसफुगडी घाला गं! त्याला कोण लागतं? आणि पकवा तोंडाने मोठ्यांदा, घशातून नको, पोटातून!” घातली मग उकिडवी बसून, पक्‌वा पक्‌वा करत. इराने ओशाळून डोळ्यांवर हात घेतले. पण बघत होती बोटांतून.
तेवढ्यात बेल. दारात, लांब उभी, मास्कमध्ये दाल्व्हा. मला वाटलं, छत हादरलं म्हणून भांडायला आली. मी सॉरी-सॉरी चालू केलं. ती म्हणते, “तो कुठला ड्रम आहे? परत वाजव.”
“ड्रम नाही. मी आहे.”
तिथंच दारात करून दाखवला पकवा. श्वास आत घेताना एक आवाज, सोडताना दुसरा. बाईने डोळे मिटून ऐकला.

६ ऑगस्ट
शिकवणी सुरू. ती तिच्या दाराशी, मी जिन्याच्या पायरीवर. थोडा पकवा केला की तिला खोकला येतो, खोकल्यावर हसू, हसण्याने पुन्हा खोकला. मी दटावते, अगदी मावशीसारखी. तिला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून दाल्व्हाताई. ताई म्हणजे काय ते सांगितलं. म्हणाली, सहा भावंडांत थोरली, जन्मापासून तेच तर आहे.

३ ऑक्टोबर
आज खोकला नाही! तिचा फिजिओ विचारत होता, नवीन व्यायाम कोणी दिला. ही म्हणाली, वरच्या मजल्याने.
दमली तशी पायरीवर बसून गोष्टी सांगितल्या. ब्राझीलच्या एका बंदराच्या गावातली. वडील गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे, आई चर्चमध्ये गायची. नऊ वर्षांची असताना हिने चर्चच्या पेटीवर प्रार्थनेखाली हळूच कार्निव्हलचा ठेका घातला. पाद्रीबुवांनी कान धरून बाहेर काढलं, म्हाताऱ्या बायका मात्र मागून बाहेर आल्या, म्हणाल्या, परत वाजव. तेव्हापासून आयुष्यभर हेच, म्हणे. एका दारातून काढतात, दुसऱ्या दारातून बोलावतात. दुकानात तिच्या रेकॉर्ड कुठल्या कप्प्यात ठेवायच्या ते कोणालाच कळायचं नाही. एकदा तिला स्वतःची रेकॉर्ड बालगीतांत सापडली, ट्रॅक्टरच्या गाण्यांशेजारी. एका डच ट्रम्पेटवाल्याच्या मागे इथे आली. तो गेला, ही राहिली.
मी विचारलं, तुझ्या गाण्यातला तो लांब सूर... म्हणाली, “त्याच्याबद्दल नको.”

९ फेब्रुवारी २०२१
बर्फ! कालवे गोठताहेत, सगळी हॉलंडची जनता स्केटिंगच्या बुटांना धार लावतेय. पाळणाघरातली पिल्लं अंगभर कपड्यांनी गोल झालीत, पडली तरी लागत नाही.
बाहेर शिकवणी. थंडीत श्वासाची वाफ दिसते, तर द.ताईने नवाच खेळ काढला. पकवा करायचा आणि शेवटी श्वास सोडायचा, कोणाची वाफ कठड्यापलीकडे जाते ते बघायचं. माझी गेली. तिची कठड्यापाशीच विरली. पुन्हा. पुन्हा. मग एकदा गेली! आम्ही दोघींनी एवढा आरडाओरडा केला की समोरच्या बिल्डिंगमधल्या सुरिनामी आजी खिडकीत आल्या आणि काय झालं ते न विचारता हात हलवून गेल्या.

१४ एप्रिल
द.ताईने पकव्यावर गाणं रचलंय. पियानो, एक तरुण पोरगा ढोलावर आणि मी. मी!! कागदावर तिच्या सुरांचे गोळे आणि माझ्या ओळीत नुसत्या फुल्या. फुल्या वाचायला मला येतात.
मध्ये एक ओळ मोकळी आहे. विचारलं, इथे काय? “इथे गाणारी होती.” दुसऱ्या कोणा मुलीला बोलव म्हटलं, तर नको म्हणाली. मग तू गा म्हटलं, तर पियानोचं झाकण लावलं. भांडलेच मी. मोडक्या डचमध्ये भांडताना फार त्रास होतो, चिडायचं आधी आणि क्रियापद शेवटी.
घरी तालीम करत होते तर नि.च्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, निखिल, तू कोंबड्या पाळल्यास का? नि. गंभीरपणे ‘हो’ म्हणाला. आवडतो कधीकधी हा माणूस.

१० जुलै
दोघींचे दोन्ही डोस झाले. नियम अजून दीड मीटरचाच आहे. असू दे.
तिच्या दिवाणखान्यात गालिचा गुंडाळला, टेबल भिंतीला. तिला हातांची अढी घालायला शिकवली, पाय जुळवले. सांगितलं, मागे रेल. ती रेलेना. म्हणे, पडेन. म्हटलं, तू मला धरलंयस, मी तुला, पडायचं झालं तर दोघी पडू. किती महिने कोणा मैत्रिणीचा हात धरला नव्हता. तिचे हात खरखरीत आणि गरम. मला एकदम रडूच आलं, पण फुगडीत रडायला वेळ नसतो.
मग रेलली. फिरलो! मी पकवा धरला, भिंती फिरायला लागल्या आणि तिच्या तोंडून निघाला तो सूर. गायला म्हणून नाही, भीतीने असेल नाहीतर मजेने. पण तोच, व्हिडिओतला. पूर्ण फेरीभर. थांबल्यावर आम्ही जमिनीवरच बसलो. मग म्हणाली, “ते मी होते?”

२९ ऑगस्ट
आज कार्यक्रम. दोन बिल्डिंगांमधल्या हिरवळीवर, लोक खुर्च्यांवर लांब लांब, बाकीचे आपापल्या गॅलऱ्यांत. मी पैठणी आणि बूट. गवत ओलं होतं, काय करणार. नीउ-व्हेनेपहून मैत्रिणी आल्या, एक तर थेट मास्ट्रिख्टहून. इरा पहिल्या रांगेत, शाळेतल्या चौघींना घेऊन. तिने त्यांना डचमध्ये सांगितलेलं मी ऐकलं, “ती साडीतली माझी आई.”
पहिला पकवा सुटला. पोरांनी लगेच नक्कल सुरू केली. मग मोठ्यांनी. सगळी हिरवळ पक्‌वा पक्‌वा. सुधामावशी फोनवरून बघत होती, रडत होती आणि सूचना देत होती.
मोकळी ओळ आली. मी पकवा चालू ठेवला. तिने तोंड उघडलं. काही आलं नाही. मी पकवा सोडला नाही, ढोलवाल्याने ढोल सोडला नाही. ती पियानोवरून उठली, माझ्यासमोर येऊन अढी घातलेले हात पुढे केले. फिरलो. हसत होती, अगदी खदखदून, पण सूर नाही. लोकांना काय माहीत! टाळ्या, आरोळ्या, परत-परत. परत केलं. तेव्हाही नाही.
नंतर शहरातल्या एका थिएटरच्या बाई आल्या. जानेवारीत मोठ्या रंगमंचावर हेच करायचं म्हणतात, सगळं उघडं राहिलं तर. त्यांनी द.ताईला विचारलं, तुम्ही गाणार ना? द.ताई म्हणाली, ठाऊक नाही. मग माझ्याकडे बघून, “तू येणार?” म्हटलं, तू गाणार असशील तर. शेजारीणबाईंनी असं ब्लॅकमेल करू नये, म्हणाली, आणि माझा गालगुच्चा घेतला. मी आनंदात आहे आणि थोडी खट्टूही आहे. दोन्ही.

३० ऑगस्ट, सोमवार
घसा बसलाय. पाळणाघरात सुट्टी सांगितली, तीही मेसेजवर. इरा शाळेत. नि. मीटिंगमध्ये.
खिडकी उघडली. खालून पियानो. एकच पट्टी, सारखी. मग तिचा आवाज. बारीक. तुटला. खोकला. मला वाटलं आता झाकण लावेल.
नाही लावलं. परत तीच पट्टी, परत आवाज. परत तुटला, पण जरा पुढे जाऊन. बाई स्वतःशीच काहीतरी शिवी हासडल्यासारखं बोलली.
नि.ने कानातलं काढलं, मीटिंग चालू ठेवून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी लिहितेय कारण नुसतं उभं राहवत नाही.
पट्टी. आता आवाज. हा मघापेक्षा भरीव आहे. चाललाय. अजून चाललाय. नि.ने माझा दंड घट्ट धरलाय, लिहिता येत नाहीये नीट. अजून