बाकी अठरा

३-६-२४

आलो बाई एकदाच्या! टेम्पोवाल्याने सामान दारात उतरवलं, कपाटाचा एक पाय मोडला आणि वर हसून दाखवलं. जाऊ दे, पायाखाली वीट लावली. दोन खोल्या आहेत, नळाला धो धो पाणी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळा दिसते. ठकी, म्हणजे माझी आठ वर्षांची लेक, रिकाम्या खोक्यात बसून मला कप मोजून देत होती. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, आणि दोघींत धीट तीच.

ताईचा फोन आला. अनोळखी गावात एकटी कशी राहशील, म्हणाली. म्हटलं, एकटी कुठे, ठकी आहे की!

उद्यापासून तिसरीचा वर्ग माझ्याकडे, आणि ठकीही त्याच वर्गात. तिला बजावून ठेवलंय की वर्गात मी बाई, आई घरी. तिने मला सलाम ठोकला, भवानीने.

४-६-२४

वर्ग आवडला. इथे एक गंमत आहे. हजेरीच्या आधी फळ्यावर तारीख लिहायची आणि ती जुळवायची. दिवस गुणिले महिना, त्याचं साल झालं पाहिजे. आज चार सक चोवीस! सगळा वर्ग बाकं बडवत सुटला. गणिताच्या बाईला आणखी काय हवं?

हजेरीत एक ते चोवीस नंबर, मधला अठरा तेवढा रिकामा. तो ठकीला दिला. हेडबाई म्हणाल्या, पंचवीस द्या ना त्यापेक्षा. मी म्हटलं, मधे भोक ठेवून शेपूट कशाला वाढवायचं? पट आता पूर्ण चोवीस.

सहा नंबरचा पोरगा खडू खातो. दोनदा तोंडातून काढून घेतला, तरी हसतोच आहे गुलाम.

५-६-२४

पाच सक तीस. सहा जास्त होतात. मुलं एका सुरात म्हणाली की त्यातून एक सहा काढायचा, झाले चोवीस. मी म्हटलं, तारखेत सहा एकदाच आहे, दोनदा कुठून आणलात? ही चालूगिरी माझ्या वर्गात नाही. फळ्यावर स्वच्छ लिहिलं, बाकी ६.

खडू खाणारा रडायला लागला. त्याला कोणी काही म्हटलंही नव्हतं.

शाळा सुटल्यावर हेडबाईंनी बोलावून घेतलं. मुलांच्या कलाने घ्या म्हणाल्या, तारीख कशीही करून जुळवून टाका, आधीच्या बाई काणाडोळा करायच्या. का, असं विचारलं तर कपाटाच्या किल्ल्या शोधायला लागल्या. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या. कुठेतरी पाणी मुरतंय.

६-६-२४

हजेरी घेताना पाचनंतर एकदम सात आला. सहाच्या ओळीत नाव नाही. खाडाखोड नाही, कागद कोरा करकरीत. डोकी मोजली, तेवीस. मुलांना विचारलं, तर सहा नंबर पहिल्यापासून रिकामाच आहे म्हणे.

खरं सांगायचं तर मलाही कुणी आठवत नाही. पण वर, परवाच्या पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलंय की सहा नंबरचा पोरगा खडू खातो. माझ्या वहीत कोण लिहितंय? ठकीवर संशय घेतला. तिने गळ्याची शपथ घेतली. मग वर्गात सहा नंबरच्या रिकाम्या जागेखाली वाकून पाहिलं. अर्धा चावलेला खडू पडला होता.

आज सहा सक छत्तीस. मुलं म्हणाली, सहा अधिक सहा बारा, ते वजा केले की चोवीस. पुन्हा तीच लबाडी. मी तोंड उघडणार तेवढ्यात दारात हेडबाई दिसल्या, कपाळावर घाम. म्हणून मान हलवली. सगळ्या वर्गाने श्वास सोडला.

सगळे सामील आहेत. नव्या बाईची फिरकी घेतायत. शिपाईमामासुद्धा माझी नजर चुकवतात. मी बरी खपवून घेईन!

७-६-२४, संध्याकाळ

देवा, काय करून बसले मी.

सात सक बेचाळीस. कुणालाच जुळवता येईना. ठकीने हात वर केला. बेचाळीस उलटे वाचले की चोवीस, म्हणाली. ऊर भरून आला माझा. पण लेकीला सूट दिली तर वर्ग काय म्हणेल? आणि कालचा राग होताच. म्हटलं, उलटं वाचून मार्क मिळत नाहीत. बेचाळीसातून चोवीस गेले. लिहिलं, बाकी १८.

लिहून झालं आणि मग कळलं. अठरा. ठकीचा नंबर.

पदराने पुसलं. २४ लिहिलं, दहादा लिहिलं. मुलं खाली माना घालून बसली. गलका ऐकून शिपाईमामा आणि हेडबाई धावत आले. मामा म्हणाले, बाईंच्या हातचं पुसून जात नाही. हेडबाई रडायला लागल्या. आधीच्या बाईंनी पण आपलं मूल इथेच घातलं होतं, एवढं हेडबाईंनी कुठेतरी लिहून ठेवलंय. मुलगा की मुलगी, ते त्यांना आठवत नाही.

गाडी उद्या सकाळी. दार लावलंय. ठकी मांडीवर आहे. उजव्या हातात तिचा हात — सोडणार नाही — डाव्या हाताने लिहितेय. विसरायचं नाही म्हणून लिहितेय. ठकी. आठ वर्षांची. वरचा एक दात पडलाय. दुधावरची साय बोटाने काढून माझ्या कपात टाकते. लांब वेणी, लाल रिबीन. झोपेत पाय माझ्या अंगावर. माझी चूक तिला भोवायला नको. मला ने, हवं तर मला —

तिला झोप येतेय. म्हणते, आई, हात दुखतो, जरा सैल धर ना —

नाही धरणार —

८-६-२४

झोप छान लागली. सकाळची शाळा. आठ गुणिले सहा जमेना, तर मुलं म्हणाली, ६ चं तोंड फिरवलं की ३, आठ त्रिक चोवीस. चालेल म्हटलं. आपलं काय जातंय?

पट बावीस. सहा आणि अठरा रिकामे. राहू देत.

दारात बॅग भरून ठेवलेली. कुठे निघाले होते मी? चहाला दोन कप काढले, एक परत ठेवला. माझ्या चहात साय नव्हती. का नसावी, असं उगाच वाटलं.

ताईचा फोन. अनोळखी गावात एकटी कशी राहतेस, म्हणाली. म्हटलं, सवय होईल. आणि रडू फुटलं. कशाचं, कोण जाणे.

सकाळपासून उजवी मूठ उघडत नाही. खडूही डाव्या हातात धरला. आता गरम पाण्यात बुडवून एकेक बोट सोडवलं —

लाल रिबीन. त्यात दोन लांब केस. माझे तर खांद्यापर्यंतही नाहीत —

मागचं पान उघडलं. वेडंवाकडं, पण अक्षर माझंच. ठकी. आठ वर्षांची. वरचा एक दात —

ठकी कोण? म्हणजे ही माझी —