ऐकण्याची वही

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम. आपल्या घरच्या शिस्तीप्रमाणे सलामानंतर तब्येत येते, म्हणून विचारतो: गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? (त्या खोकल्याची आठवण काढली म्हणून सांग. प्रवचन लांबलं की पाळकांना भानावर आणणारा तोच एक आवाज होता.) चार वर्षांत मी पत्र लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल, तुझ्या लक्षातून काय सुटतं? मी बरा आहे. कवळ्या बनवण्याच्या धंद्याला मरण नाही, लोक म्हातारे होतच राहतात.

आता मूळ गोष्ट. आमच्या नव्या पाळकांचं म्हणणं असं, की आम्ही प्रार्थनेत फार बोलतो. हे दे, ते दे, शेजाऱ्याला अक्कल दे; देवाला तोंड उघडायला जागाच ठेवत नाही. म्हणून त्यांनी ‘ऐकणारा गट’ काढला. रोज सकाळी अर्धा तास गप्प बसायचं. एक वही करायची, पानावर दोन रकाने. डावीकडे देवाने सांगितलेलं लिहायचं, उजवीकडे मध्ये मध्ये येणारे फालतू विचार, म्हणजे ते कागदावर उतरतात आणि डोकं मोकळं होतं. दर गुरुवारी वही जोडीदाराला वाचायला द्यायची. मी नको म्हणणार होतो, पण सगळ्या मंडळीचे हात वर असताना आपला एकट्याचा मांडीवर ठेवून बसायला जी छाती लागते, ती आपल्या घरात फक्त तुला मिळाली.

तर मी बसू लागलो. कामाच्या खोलीतच बसायचो, यंत्र बंद करून. समोरच्या फळीवर प्लास्टरचे पन्नास-साठ जबडे, त्यातला एकही बोलत नाही, आणि देवही नाही. पाच आठवडे, ताई, एक शब्द नाही. बाकीच्यांकडे मात्र पूर आलेला. निवृत्त हेडबाईंशी देव परिच्छेद पाडून बोलतो. बँकेतल्या कारकुनाला त्याने बदली न घेण्याचा सल्ला दिला. (ती बदली त्याला आधीपासूनच नको होती, पण देवाचं आणि त्याचं एकमत झालं यात कोणाचं काय जातं?) खुद्द पाळकांना सांगण्यात आलं, की वेदीजवळचा गालिचा बदलावा. माझ्या डाव्या रकान्यात पांढरा कागद. मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. पन्नास वर्षं एकही रविवार न चुकवणाऱ्याशी दोन शब्द बोलायला त्याचं काय बिघडत होतं?

सहाव्या गुरुवारी मी वही भरली. मनाने. ‘दार उघडं ठेव’ असं लिहिलं. कुठेही खपेल, कोणालाही लागू पडेल असं वाक्य निवडलं होतं; बाजारातल्या तयार चष्म्यासारखं. माझी जोडीदार म्हणजे बेकरीवाल्या मावशी. त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, हे माझ्यासाठीच आहे. त्यांचा एक दीर आहे. दारूपायी अकरा वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेला, आणि महिनाभर परत येऊ का म्हणून विचारत होता. त्या अडून बसल्या होत्या, आणि बरोबरच अडून बसल्या होत्या. माझ्या वाक्यावर त्यांनी त्याला घरात घेतला. आठवडाभर त्याने गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाव कसा असावा ते शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात दुपारी पिऊन भट्टी पेटती टाकून झोपला. जळते ट्रे ओढून काढताना मावशींचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. त्या हाताला पट्टी बांधून त्या गुरुवारी आल्या आणि साऱ्या मंडळीसमोर साक्ष दिली, की देवाने परीक्षा घेतली तरी त्याचा शब्द मी पाळला. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. इतका मोठा आमेन मी जन्मात म्हटला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, बेकरीत जाऊन मी त्यांना सांगितलं, की तो शब्द देवाचा नव्हता, माझा होता. (पाळकांना अजून सांगितलेलं नाही. ते त्यावर तीन रविवार प्रवचन करतील.) मला वाटलं, बाई डाव्या हाताने पाव फेकून मारतील. त्यांनी डाव्याच हाताने गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले. मग म्हणाल्या, “दिराचं मी बघून घेईन. त्याला घेतला मी, काढीनही मीच. पण भाऊ, तुमचा उजवा रकाना मी दर गुरुवारी वाचत होते. रोज एकच लिहिलेलं असतं. ताई काय सांगत होती. ताई काय सांगत होती. तुम्ही रकाने उलटे भरलेत.”

मी त्यांना समजावलं, की ताई म्हणजे देव नव्हे. तुम्ही तिला पाहिली असतीत तर असा घोळ केला नसतात. ताई म्हणजे चार वर्षांपूर्वी आईच्या दफनाच्या दिवशी कबरीशी माझा हात धरून ‘आई शेवटी तुझ्यासाठी म्हणाली’ असं सुरू करणारी बाई, आणि मी म्हणजे ‘मला ऐकायचं नाही’ म्हणून तो हात झटकून चालता झालेला माणूस. मला वाटलं होतं, तू मला बोल लावणार. आईने आजारपणात तीनदा बोलावलं आणि मी कवळ्या पोचवायच्या आहेत म्हणून आलो नाही, हे तू चारचौघांत ऐकवणार. तेव्हा मला तुझा राग आला होता. आता तो कुठे ठेवला होता ते सापडत नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ

ता. क. हे पत्र माफीचं आहे असं समजू नकोस. पाळकांनी गृहपाठ दिला आहे.

ता. क. पाळकांनी काहीही दिलेलं नाही. गट मी मागच्या महिन्यातच सोडला.

ता. क. दुपारी एक ते दोन मी यंत्र बंद ठेवतो. फोन कर, आणि आई काय म्हणाली ते सांग. शिव्या असल्या तरी चालेल. मी मध्ये बोलणार नाही.