जड चालणारे मशीन

बुधवार, १२ मार्च. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. दुकानाचे शटर अर्धेच वर केले आहे आणि हातावरचे तेल साबणाने दोनदा धुऊन लिहायला बसलो आहे. (तरीही कागदावर डाग दिसला तर तो तेलाचा समजावा, निष्काळजीपणाचा नव्हे.)

तीर्थरूप आत्यास भाच्याचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे ठीक. आईचा खोकला बसला, माझे वजन होते तेवढेच आहे. तुझा गुडघा कसा आहे? हा प्रश्न मी दर पत्रात रिवाज म्हणून लिहितो. या वेळी मला उत्तर हवे आहे आणि सविस्तर हवे आहे. का ते पुढे येईल.

तुझे शिलाई मशीन दोन वर्षे माझ्याकडे पडून आहे आणि सोमवारपासून तुला दवाखान्याचे अठ्ठावीस पडदे शिवायला घ्यायचे आहेत, हे मी विसरलेलो नाही. तारीख दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिली आहे. मशीन सध्या कुठे आहे तेही सांगणार आहे, पण मला क्रमाने सांगू दे. एकदम सांगितले तर तू उरलेले पत्र वाचणार नाहीस.

गेल्या महिन्यात विद्यापीठातल्या एक प्राध्यापक बाई दुकानात आल्या. मला वाटले, मशीन अडले असेल. त्यांच्याकडे मशीन नव्हते, बारा विद्यार्थी होते. मुले दोन वर्षे यंत्रे शिकत होती, पण यंत्र वापरणारे माणूस त्यांनी जवळून पाहिले नव्हते. म्हणून आता त्यांनी वस्तीत जायचे, लोकांच्या खऱ्या अडचणीवर लोकांबरोबर बसून काम करायचे आणि त्याचेच गुण मिळवायचे, असे ठरले होते. याला समाजसंलग्न अध्ययन म्हणतात (शब्द बाईंच्या कागदावरून एकेक अक्षर पाहून उतरवला आहे), आणि त्यात सहशिक्षक म्हणून मी. आत्या, मी नववीत बसलो तो बसलोच, हे तुला माहीत आहे. निकाल आणायला तूच गेली होतीस. मी बाईंनाही ते लगेच सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "बरंच झालं. समोरच्याला काय कळत नाही, ते तुम्हाला पटकन कळेल." शेजारच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून म्हटले, "शाळेतून पळालास ना? बघ, आता अख्खं विद्यापीठ मागे लागलं."

पाहुणे यायचे म्हणून मी चार दिवस आवराआवर केली. दुरुस्तीला आलेली अकराच्या अकरा मशीने दुरुस्त करून घरपोच दिली. (दोन गिऱ्हाइके घाबरली. त्यांना वाटले, मी दुकान बंद करतो आहे.) पसारा दिसू नये, एवढाच हेतू. सोमवारी बाराजण वह्या घेऊन दारात उभे राहिले तेव्हा दुकान आरशासारखे चकचकीत होते आणि आत बिघडलेले एकही मशीन नव्हते. बाईंनी सगळीकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "मग आम्ही शिकायचं कशावर?"

कोपऱ्यात चादरीखाली एकच मशीन होते. तुझे.

मी ते उघडले. माझी पद्धत तुला ठाऊक आहे: ज्या क्रमाने स्क्रू निघतात त्या क्रमाने ते आठ बशांत ठेवायचे, डावीकडून उजवीकडे, म्हणजे जोडताना चुकायला जागा नाही. बाराजण माझा शब्द न् शब्द लिहून घेत होते. मी खोकलो तेव्हाही पेने हलली. एवढ्या आदराने माझ्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते, त्यामुळे माझे डोके ठिकाणावर राहिले नाही. तेवढ्यात आईने घरून चहा पाठवला, पण कप तेरा आणि बशा पाचच. पाहुण्यांच्या हातात नुसते गरम कप कसे द्यायचे? मी आठही बशांतले स्क्रू एका डब्यात ओतले, बशा पुसल्या आणि कपांखाली दिल्या. बाराजण डब्याकडे पाहत राहिले. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

पुढचे तीन तास प्रत्येक स्क्रू प्रत्येक भोकात लावून पाहण्यात गेले. बाई म्हणाल्या की एवढा चांगला पाठ त्यांना योजून जमला नसता. पुढच्या वर्षी बशा मुद्दाम रिकाम्या करायच्या आहेत. मशीन जोडले, चाक फिरवले, लोण्यासारखे चालले. मी सांगितले की ते आधीही असेच चालत होते. मालकीण जड चालते म्हणते, म्हणून दोन वर्षांत चार वेळा तेल घातले, पट्टा बदलला, दोष काही सापडला नाही.

तेव्हा मागे उभी असलेली एक लांबोडकी मुलगी म्हणाली, "दादा, चालवतं कोण?"

म्हटले, माझी आत्या.

"कुठल्या पायाने? खुर्ची केवढी उंच? पाय दुखतो का त्यांचा?"

आत्या, मला एकाही प्रश्नाचे उत्तर आले नाही. नववीतल्या गणिताच्या पेपरालाही मला दोन उत्तरे येत होती. तुझ्या गुडघ्याची चौकशी मी प्रत्येक पत्रात केली आणि तुझे मशीन रोज समोर पाहिले, पण दोन्ही एकत्र कधी पाहिले नाही. त्या मुलीने तुला पाहिलेलेसुद्धा नाही, आणि तिला तू दिसलीस. मी तिथेच स्टुलावर बसलो. आजही तिच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

आता मशीन कुठे आहे ते. तुझ्या गुडघ्याला झेपेल असा पायटा, म्हणजे पाय ठेवायची फळी, बसवायला बाराजणांनी ते उचलून विद्यापीठात नेले आहे. दुसऱ्या मजल्यावरची मोठी खोली, उतरत्या पायऱ्यांवर बाके, आणि जिथे प्राध्यापक उभे राहतात तिथे तुझे मशीन. मी आत गेलो तेव्हा चपला बाहेर काढल्या. (तिथे कोणीच काढत नाही. परत घालायला गेलो तर कोणीतरी त्या बाजूला सारल्या होत्या.)

तुझा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. १ : शंभरातले चाळीस गुण मी द्यायचे होते. मला स्वतःला कधी चाळीस पडले नाहीत, म्हणून मी नकार दिला. तेव्हा मुलांनीच ठरवले की गुण मशीन चालवणारीने द्यावेत. तर शनिवारी सकाळी दहा वाजता तू विद्यापीठात यायचे आहे. तू बसल्याशिवाय पायटा किती खाली घ्यायचा ते ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय पडदे होत नाहीत. जिने छत्तीस पायऱ्यांचे आहेत. लिफ्ट आहे, मी चारदा वर-खाली करून पाहिली.

ता. क. २ : तुझी शिवायची खुर्ची घेऊन ये. ती लांबोडकी म्हणते, दुसऱ्या खुर्चीवर घेतलेले माप खोटे.

ता. क. ३ : एक स्क्रू उरला आहे. मशीनला त्याची उणीव भासत नाही. गुण देताना हे ध्यानात घेऊ नये, डबा माझा होता.

ता. क. ४ : हिशेब. खर्च : चहा-साखर ९०, फुटलेल्या बशा दोन, ५०. विद्यापीठाकडून येणे : काही नाही, मीच मागितले नाही. तुला देणे : चार वेळा तेल घातल्याचे घेतलेले १६०. दुखणे मशीनला नव्हते.