साठही नळ्या पुन्हा

माय, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू काचेच्या नळ्या धुवायचीस आणि तिथेच मी कर्करोगावरची औषधं शोधायचे. जंगलातून आलेली साल, मुळं, पानं यांचा अर्क काढायचा, उंदराच्या कर्करोगाच्या पेशींवर घालायचा आणि किती मेल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. मेलेल्या पेशी रंग पिऊन निळ्या दिसायच्या. अशा शेकडो वनस्पती चाळल्यावर एखादी पुढच्या तपासणीला मुंबईला जायची. दीड वर्षात माझी एकही गेली नव्हती.

आणीबाणी उठली त्या मार्चमध्ये तू तापाने घरी होतीस. नळ्या मीच धुतल्या, घाईघाईत. आणि एका सालीच्या अर्काच्या साठ नळ्या लावल्या, तर सगळं निळंशार! माझ्या मार्गदर्शक सरांनी लगेच मुंबईचं पत्र टाइप करायला दिलं. मी सदर बाजारातून संत्री घेऊन सायकलने घरी येते, तर तू गोधडी पांघरून चुलीपाशी बसलेली. सगळं ऐकून घेतेस आणि विचारतेस, "बिना औषधाच्या नळीतल्या जित्या होत्या ना वं?"

तुलनेसाठी ठेवलेल्या त्या पेशी मी पाहिल्याच नव्हत्या. "तुले काय समजते त्यातलं?" मी ओरडले.

"मले एवढंच समजते, काचेले साबण राहिला तर जितं काई वाचत नाई. किती पाण्यानं धुतल्या?"

"तीन."

"मी दहा पाण्यानं धुतो."

सकाळी त्याच धुतलेल्यांपैकी उरलेल्या नळ्यांत नुसत्या पेशी घातल्या. तासाभरात निळ्या. तशीच जिना चढून सरांकडे गेले. "सर, पत्र थांबवा. चूक माझी आहे." सरांनी पत्र परत मागवलं. मग म्हणाले, "साठही नळ्या पुन्हा." दोन दिवसांनी अशक्तपणातच तू कामावर आलीस, मोरीपाशी बसलीस, आणि आपण दोघींनी पहिल्यापासून सुरू केलं.

ती साल निकामी निघाली. पुढच्या वर्षी एका मुळाच्या अर्काने पेशी मारल्या, बिनऔषधाच्या जगल्या. ते मुंबईला गेलं, जिवंत उंदरांवरच्या चाचणीपर्यंत पोचलं, तिथेच थांबलं. तोवर तू गेली होतीस. माझ्या हातून औषध एकही झालं नाही, माय, पण मी हटले नाही. पुढची तीस वर्षं चाळत राहिले, आणि प्रत्येक विद्यार्थिनीला आधी बिनऔषधाची नळी पाहायला लावली.

एक सांगायचं राहिलं. प्रबंधात मी सगळ्यांचे आभार मानले, काचसामान पुरवणाऱ्या दुकानदाराचेसुद्धा. तुझे मानले नाहीत. आई नळ्या धुते, हे छापायची लाज वाटली. तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं, कळलंच नसतं, अशी मनाची समजूत घातली. हे पत्रही मी त्याच भरवशावर लिहिते आहे.